कोरा फ्लॅश

कळंब, ८ जानेवारी २०२५

चि. स्वरूपा,

आशीर्वाद मागाहून वाच, आधी पार्सल उघड. तुझ्या काकूनं कॅमेरा तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला आहे. लुगडं परत पाठव म्हणाली. कॅमेऱ्याबद्दल काही बोलली नाही.

कळंब ते बारामती तासाभराचा रस्ता आणि काका-पुतणी पत्रं लिहितात म्हणून पोस्टमन हसतो. हसू दे त्याला. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं मी चुकीचं ऐकतो. कॅमेऱ्याच्या बदल्यात मला सोलापूरहून आल्यावर सविस्तर पत्र पाहिजे, एवढीच अट.

ऋषिराजनं तुला त्याची बॅग देऊ केली असं कळलं. माझाच मुलगा आहे, तरी सांगतो, घेऊ नकोस. तीन लेन्सा, स्टँड, दोन फ्लॅश, चार्जरांचं जाळं. हे सगळं पाठीवर टाकून तो मागच्या वर्षी हंपीला गेला आणि कंबर धरून परत आला. तू दोन दिवस निघाली आहेस. एक कॅमेरा, त्यावरची एकच लेन्स, आत एकच रोल. छत्तीस फोटो. बाजाराची कापडी पिशवी घे, म्हणजे कुणी तुला फोटोवाली समजणार नाही. पायात मळलेल्या चपला घाल, नव्या नकोत. उजेड कमी झाला तर भिंतीला टेक आणि श्वास रोखून धर, तोच स्टँड. या लेन्सनं लांबचं जवळ येत नाही. तुलाच जवळ जावं लागेल. जवळ गेलं की माणसाशी बोलावं लागतं, आणि बोलण्यात निम्मा फोटो होऊन जातो.

एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेव. फोटो काढल्यावर उजव्या हातानं रोल पुढं न्यायचा खटका ओढशील, तेव्हा डावीकडची छोटी चकती फिरते का बघ. ती फिरली तर आत रोल आहे आणि पुढं सरकतो आहे. मी एकदा निमगावात अख्खं बारसं चकती न बघता काढलं. रोल आत अडकलाच नव्हता. बाळाच्या आत्यानं पुढची दहा वर्षं माझ्याकडं पाठ करून नमस्कार केला.

तुझा,
तात्या


बारामती, २८ जानेवारी २०२५

प्रिय तात्या,

लुगडं धुऊन, घडी करून सोबत पाठवते आहे. काकूला सांगा, सोलापूरच्या धर्मशाळेत रात्री तेच पांघरलं होतं, त्यामुळं तेही फिरून आलं.

तुमचं सगळं ऐकलं. डेअरीच्या ऑफिसातून शुक्रवारी सुटले ती थेट एसटीत. पिशवीत कॅमेरा, एक ड्रेस, पाण्याची बाटली. एवढी हलकी मी कधीच कुठं गेले नव्हते. पहिल्या दिवशी पूर्व भागात फिरले. गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट, दारात रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या, आणि बायका तेलुगूत भांडत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले तर भांडण थांबवून मला पाणी दिलं आणि पुन्हा सुरू केलं. तो फोटो चांगला आला असणार. बंद गिरणीच्या धुरांड्यावर मात्र चार फोटो घालवले, आता हळहळ वाटते. मोबाइलवर चारशे काढले असते आणि एकही आठवला नसता. इथं छत्तीसच्या छत्तीस तोंडपाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा तेहतीसवर होता. तीन फोटो मी संध्याकाळच्या तलावासाठी राखले होते. किल्ल्याजवळ दोन म्हाताऱ्या एकाच पोत्यावर बसून भाजक्या शेंगा विकत होत्या. फुलाबाई आणि राजव्वा. तीस वर्षं एकाच पोत्यावर बसतात म्हणे. राजव्वा पुढच्या आठवड्यात मुलाकडं सुरतेला कायमची जाणार होती. फुलाबाईनं कॅमेरा बघितला आणि म्हणाली, आमचा दोघींचा एक काढ. नाही म्हणवेना, आणि फोटोही घालवायचा नव्हता. तेव्हा तुमची लग्नातली गोष्ट आठवली. रोल संपला की वऱ्हाड्यांना नुसता कोरा फ्लॅश मारायचा, म्हणजे कुणी रुसून जेवायचं राहत नाही. माझ्याकडं फ्लॅश नव्हता. मी डोळ्याला कॅमेरा लावला आणि जिभेनंच टक् केलं.

दोघी अशा खूश झाल्या की काय सांगू. मला ओंजळभर शेंगा दिल्या, पैसे घेतले नाहीत. फुलाबाईनं शेजारच्या चहावाल्याकडून आपला पत्ता लिहून घेऊन माझ्या हातात दिला आणि फोटो पोस्टानं पाठव म्हणाली. तुमची शिष्या शोभते की नाही?

गंमत म्हणजे संध्याकाळी ढग आले. तलावाचा एकच काढला. दोन फोटो अजून शिल्लक आहेत.

तुमची,
स्वरूपा


बारामती, १७ फेब्रुवारी २०२५

तात्या,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. ऋषिराजदादाला फोन केला तर म्हणाला, तब्येत बरी आहे, पण माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढून पुढ्यात ठेवलाय आणि उघडत नाहीत. माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर बोला. तुम्ही गप्प बसलात की मला नीट जेवण जात नाही, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

स्वरूपा


कळंब, २१ फेब्रुवारी २०२५

बाळ,

चुकलं ते माझं. कोऱ्या फ्लॅशची गोष्ट मी तुम्हा पोरांना हसवायला सांगायचो. तिचा उरलेला भाग कधी सांगितला नाही. काकूलाही नाही.

नव्याण्णव सालच्या मे महिन्यात बावड्याला एका बागायतदाराच्या घरचं लग्न होतं. चार रोल नेले होते, त्यातले दीड नवरदेवाच्या मित्रांनीच खाल्ले. पंगती उठायच्या आत सगळे संपले. मग माझं नेहमीचं सुरू झालं. फ्लॅशच्या मागं एक बटण असतं, ते दाबलं की नुसता उजेड पडतो. कॅमेरा डोळ्याला, बोट त्या बटणावर. मामा खूश, मावश्या खूश. सगळेच फोटोवाले करायचे. त्यात पाप आहे असं कुणाला वाटत नव्हतं, मलाही नाही.

त्या गर्दीत बानूबाई आली. मेंढरं विकून नुकतीच बावड्यात जमीन कसायला लागलेली माणसं. सोबत तिची एकोणीस वर्षांची मुलगी होती, हौसा. बानूबाई म्हणाली, "मानसिंगराव, आमचा मायलेकींचा एक काढा. आमचा एक बी फोटू न्हाय." मी दोघींना मांडवाच्या खांबापाशी उभं केलं. मान सरळ करा म्हणालो. एवढंही केलं मी. आणि बटण दाबलं. उजेडानं हौसा दचकली आणि तोंडावर हात धरून हसली.

दर बाजाराला बानूबाई माझ्या स्टुडिओत यायची. मी म्हणायचो, रोल पुण्याला धुवायला गेलाय. तिला पुन्हा बोलावून खरा फोटो काढावा असं ठरवतही होतो, पण उसाच्या लागणी सुरू झाल्या, आज-उद्या करत राहिलो. आषाढात हौसा तापानं गेली. दोन दिवसांत.

तेराव्यानंतर बानूबाई आली आणि दारातच उभी राहिली. मी सांगितलं, रोल जळाला. पुढच्या बाजाराला ती पदरात पेरू घेऊन आली. म्हणाली, "येवढं मनाला लावून घिऊ नगा. तुमचं बी नुकसानच झालं की."

स्वरूपा, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी आजपर्यंत स्टुडिओ चालवला असता. वर्षभरात मी शटर ओढलं आणि कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो. घरात सगळ्यांना वाटतं, धंदा बसला. बसला नव्हता. लोकांनी समोर उभं राहून मान सरळ केली की मी कॅमेरा खाली घ्यायचो.

तुझ्याकडं दोन फोटो शिल्लक आहेत आणि पत्ता आहे. सोलापूरला जा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, मला ते पंचवीस वर्षांत सुचलेलं नाही. फक्त आज-उद्या करू नकोस.

तात्या


बारामती, १० मार्च २०२५

प्रिय तात्या,

तुमचं पत्र वाचून मी आधी तुमच्यावर चिडले, मग स्वतःवर. पहिल्या रविवारी ऑफिसात हिशेबाचं काम निघालं, सुटी मिळाली नाही. काल गेले. पहाटेच्या गाडीनं, पिशवीत कॅमेरा आणि पाण्याची बाटली, बाकी काही नाही.

राजव्वा सुरतेला गेली होती. मी जानेवारीत परत आले त्याच्या पाचव्याच दिवशी. फुलाबाई पोत्याच्या डाव्या अर्ध्यात बसली होती. उजव्या अर्ध्यात शेंगाही मांडलेल्या नव्हत्या. मला बघून तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, फोटो आणलास?

मी गाडीत सगळं पाठ करून गेले होते. तिथं एवढंच म्हणाले, की मी फोटो काढलाच नव्हता. तोंडानं आवाज केला होता.

तिला आधी कळलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं हात मागं घेतला. म्हणाली, "काढायचा नव्हता तर शेंगा कशाला खाल्ल्यास?" ती गिऱ्हाइकांशी बोलत राहिली, माझ्याकडं बघेना. मी जवळच्या दगडावर बसून राहिले. तुम्ही म्हणाला होता जवळ जावं लागतं, पण एवढं जवळ बसणं किती अवघड असतं ते सांगितलं नव्हतं. एक बाई येऊन पोत्याच्या मोकळ्या बाजूला टेकायला लागली तर फुलाबाईनं तिला उठवलं. तिथं बसायचं नाही म्हणाली.

ऊन कलल्यावर तिनं मला हाक मारली. "आता तरी काढ. मी हाय तशी बसती. तिची जागा मोकळी दिसू दे." मी विचारलं, तुम्ही मधे सरकून बसता का, फोटो बरा दिसेल. ती म्हणाली, "माझी जागा हीच हाय. आन् एक सुरतेला बी धाड. म्हणावं, बघ, कुनाला बसू देत न्हाय."

पस्तिसावा फोटो तिचा. अर्धं पोतं ती, अर्धं पोतं मोकळं. मागं भिंत होती, टेकले आणि श्वास रोखला.

निघताना शेंगा दिल्या नाहीत. पैसे देऊन घेतल्या. ते बरं वाटलं.

स्वरूपा


कळंब, १८ मार्च २०२५

स्वरूपा,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग माझंही सगळं तिला सांगून टाकलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, म्हणूनच तुम्ही कधी पेरू खात नाही होय.

मग मी डबा उघडला. त्यात मी काढलेल्या सगळ्या लग्नांच्या निगेटिव्ह आहेत. त्या बावड्याच्या लग्नाचे चार रोल मी कधी पुन्हा बघितले नव्हते. भीती वाटायची. खिडकीशी बसून भिंगातून एकेक पट्टी बघितली. तिसऱ्या रोलवर मंगलाष्टकांचा फोटो आहे. नवरीच्या मागं पोरी अक्षता टाकताहेत आणि त्यात कडेला हौसा आहे. हात वर केलेला, तोंडभर हसते आहे. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. दुसऱ्या रोलवर पंगतीत बानूबाई सापडली, वाढणाऱ्याकडं बघते आहे. पोरीचा चेहरा पंचवीस वर्षं माझ्याच माळ्यावर होता, स्वरूपा. खोटं बोललो होतो म्हणून शोधायचं सुचलं नाही.

ऋषिराजनं दोन्ही संगणकावर मोठे केले. अगदी स्वच्छ आहेत. आता खरी गोष्ट ऐक. तो म्हणतो, दहा मिनिटांत दोघींना शेजारी उभं करून देतो, मागं मांडवाचा खांबही टाकतो. मायलेकी आहेत एवढंच त्याला सांगितलंय, बाकी काही नाही; तो सहज बोलला. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बावड्याला जायचं आणि सांगायचं, जुना रोल सापडला, जळालाच नव्हता. म्हातारी पंचाहत्तरीची आहे. तिनं मागितलेला फोटो तिला मिळेल. हौसा तिच्याशेजारी उभी असेल. ती सुखानं बघेल आणि कुणाचं काही बिघडणार नाही.

तुला काय वाटतं? खरं सांग. मी तुझ्यापेक्षा पंचेचाळीस वर्षांनी मोठा आहे आणि मला भीती वाटते.

तात्या


बारामती, २३ मार्च २०२५

प्रिय तात्या,

तुम्ही मला काय बोलायचं ते सांगितलं नाहीत, नुसतं जा म्हणालात. मीही तेवढंच करते.

एक मात्र लिहिते. फुलाबाईला मी राजव्वाचा फोटो सुरतेहून मागवून शेजारी चिकटवून दिला असता, तर तिनं घेतला असता. पण मग ती माझ्यावर रागावली नसती, आणि मला वाटतं तिला रागावायचं होतं. तुम्ही रोल जळाला म्हणालात तेव्हा बानूबाईला रागावताही आलं नाही. उलट तिनंच पेरू आणून तुमची समजूत काढली.

ऋषिराजदादा आला आहे, त्याच्या हाती कॅमेरा पाठवते. आकडा पस्तीसवर आहे. छत्तिसावा तुमच्यासाठी ठेवलाय. खटका अजून ओढलेला नाही. ओढताना चकती बघा.

तुमची,
स्वरूपा


कळंब, ७ एप्रिल २०२५

चि. स्वरूपास,

पाडवा झाला आणि काल बावड्याला जाऊन आलो. ऋषिराजची बॅग नव्हती. काकूची बाजाराची पिशवी, त्यात कॅमेरा आणि कागदात गुंडाळलेला हौसाचा एकटीचा फोटो. जोडलेला नाही. त्याला करूच दिला नाही, कारण केला असता तर मी तोच नेला असता, एवढा मी स्वतःला ओळखतो.

बानूबाई अंगणात दाणे निवडत होती. मला ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर आधी घोंगडं टाकलं, पाणी दिलं. तिचा आवाज मेंढरांमागं तयार झालेला आहे, त्यामुळं मला सगळं नीट ऐकू आलं. ही सोय झाली की शिक्षा, अजून ठरवतो आहे.

मी सांगितलं. रोल जळाला नव्हता. रोल नव्हताच. नुसता उजेड होता.

तिनं सूप खाली ठेवलं, उठली आणि गोठ्यात गेली. तासभर आली नाही. वैरण टाकल्याचा, बादली आपटल्याचा आवाज एवढा मोठा की मलाही येत होता. मी घोंगड्यावर बसून राहिलो. उठून जावं असं चारदा वाटलं. तू दगडावर बसली होतीस हे आठवलं म्हणून बसलो.

ती आली ती पदरानं हात पुसत. म्हणाली, "पंचवीस वर्सं मला वाटतंय, माज्या लेकीचं नशीबच जळकं. फोटूसुदिक जळाला. ते तर तुमी केलं व्हतं." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "म्हंजी तिचं नशीब न्हवतं." मी म्हणालो, नव्हतं. माझं काम खोटं होतं.

मग ती रडली. मीही रडलो, लपवत नाही. दोन म्हातारी माणसं भर दुपारी अंगणात रडताहेत हे बघून तिची सून बाहेर आली आणि परत आत गेली.

तेव्हा कुठं मी पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला. हा मात्र खरा आहे म्हणालो, मंगलाष्टकांच्या वेळचा, अक्षता टाकताना. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ, मग पुन्हा लांब. बोट हौसाच्या वर केलेल्या हातावरून फिरवत राहिली. "ह्यो हिरवा चुडा मी भरला व्हता तिला," म्हणाली. एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही मागितलं नाही.

चहा झाल्यावर मी निघालो तर तिनं पिशवीकडं बोट दाखवलं. कॅमेरा आणलाय का विचारलं. आणलाय म्हणालो. ती आत गेली आणि धुवट लुगडं नेसून, केस चापून आली. दाराच्या चौकटीपाशी बसली, मांडीवर हौसाचा फोटो, माझ्याकडं तोंड करून. मायलेकींचा एक काढा, असं पुन्हा म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. पंचवीस वर्षांनी. आणि ती तिथूनच म्हणाली, "मानसिंगराव, आत रोल हाय का?"

राग नव्हता त्यात. साधं विचारलं. तिनं विचारायलाच हवं होतं.

कॅमेरा उघडून दाखवता येत नाही, उजेड लागून सगळं गेलं असतं, तुझं सोलापूर, फुलाबाई, सगळं. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसलो. तिचं बोट धरलं आणि डावीकडच्या चकतीवर ठेवलं. म्हणालो, मी इकडं खटका ओढतो, तुमच्या बोटाखाली फिरलं तर आत रोल आहे. नाही फिरलं तर नाही.

मी खटका सावकाश ओढला.

"फिरली," बानूबाई म्हणाली. आणि पदर सारखा करून, मान सरळ करून बसली.

मी मागं सरकलो आणि फोटो काढला. बटण दाबल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण बोटाला कळला. रोल सोबत पाठवतो आहे. पुण्याला धुवायला तू स्वतः घेऊन जा.

तात्या